मायूसी, मालीखोलिया आणि बारा दिवसांची शर्यत

जून 2017. रमजानचे शेवटचे दिवस चालू होते. तरावीह आटोपून मी घरी यायचो आणि अंगणातल्या खाटेवर पडायचो. झोप येत नसे. सहरीची वेळ होईपर्यंत मी जागाच असायचो. घरच्यांना वाटायचं, हे रात्रभर इबादत करतात. मोहल्ल्यात तर माझी तारीफही होऊ लागली होती. खरं म्हणजे त्या रात्रींमध्ये मी दुआसुद्धा मागत नव्हतो. शब्दच सुचत नव्हते. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, माझं पोट शब्दांवर चालतं. आणि माझ्याकडचे दोन्ही भाषांमधले शब्द संपले होते.

त्याच दिवसांत आमच्यापासून 60 किलोमीटरवर राहणारा नागपूरचा एक डॉक्टर अमेरिकेत सायकल चालवत होता. त्यालाही झोप मिळत नव्हती. डॉ. अमित समर्थ ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत एकट्याच्या गटात उतरले होते. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ओशनसाइडहून निघायचं आणि पार दुसऱ्या टोकाला अॅनापोलिसला पोहोचायचं. अंतर सुमारे 4,900 किलोमीटर, मुदत 12 दिवस. भंडाऱ्याच्या माणसाला समजेल असं सांगायचं तर रोज इथून रायपूरला जायचं आणि बहुतेक वाट परतही यायची, असे बारा दिवस. ईदच्या तोंडावर बातमी आली. समर्थ यांनी 11 दिवस 21 तास 11 मिनिटांत शर्यत पूर्ण केली. त्यांच्या थोडंच आधी नाशिकचे लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ 11 दिवस 18 तास 45 मिनिटांत पोहोचले होते. एकट्याच्या गटात ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. दोघेही महाराष्ट्राचे, दोघेही डॉक्टर.

आमच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी ती बातमी मला वाचून दाखवली. ती ऐकून माझ्या मनात आलेला पहिला प्रश्न सायकलचा नव्हता. मी विचारलं, “हा माणूस झोपत केव्हा होता?” सर म्हणाले, “झोपत नव्हता असंच समजा. पण त्याच्या मागं गाडी होती ना.”

ती मागची गाडी तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. या शर्यतीचा आणि नैराश्याचा जो संबंध मी पुढे लावतो आहे तो माझा आहे, समर्थ यांचा नाही.

‘एकट्या’ची शर्यत

या शर्यतीचा इतिहास फार जुना नाही. 1982 मध्ये जॉन मरिनो, जॉन हॉवर्ड, मायकेल शर्मर आणि लॉन हॅल्डमन हे चौघे कॅलिफोर्नियातून न्यूयॉर्ककडे निघाले. हॅल्डमन दहा दिवसांच्या आत पोहोचले आणि जिंकले. टूर द फ्रान्समध्ये रोजचा टप्पा संपला की स्वार हॉटेलात जाऊन झोपतो. इथे घड्याळ एकदा सुरू झालं की शेवटापर्यंत थांबत नाही. झोप घ्यायची तर ती आपल्याच वेळेतून कापून घ्यायची.

शरीर कुठे हार मानतं, याचेही किस्से आहेत. 1983 च्या शर्यतीत शर्मर यांच्या मानेच्या स्नायूंनी काम करणं बंद केलं. डोकं वर राहीना. हा त्रास आता त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे अनेकांना तो झाला. कुणी पट्टे बांधून, कुणी हनुवटीला आधार लावून डोकं वर धरलं, कारण पाय चालू होते पण रस्ता दिसत नव्हता.

मन कुठे हार मानतं, हे स्लोव्हेनियाच्या युरे रोबिच या सैनिकाच्या गोष्टीत दिसतं. ही शर्यत त्याने पाच वेळा जिंकली. दोन-तीन दिवसांच्या जागरणानंतर त्याला भास व्हायचे. रस्त्याकडेच्या टपालपेट्या त्याला शत्रू वाटायच्या आणि तो सायकलवरून उतरून त्यांच्याशी भांडायला जायचा. मग त्याच्या साथीदारांनी एक नियमच केला होता. काही काळानंतर निर्णय रोबिचने घ्यायचे नाहीत. काय खायचं, केव्हा झोपायचं, केव्हा उठायचं, हे सगळं गाडीतले लोक ठरवणार. आता या माणसाच्या डोक्यावर भरवसा ठेवता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. म्हणून कुणी त्याला कमजोर म्हटलं नाही. ते त्याच्या जागी विचार करत राहिले.

एकट्याच्या गटातल्या स्वाराबरोबर साधारण 8 ते 12 माणसांची टोळी असते. डॉक्टर, मालिश करणारा, सायकल दुरुस्त करणारा, स्वयंपाकी, चालक, नकाशा पाहणारा. रात्री मागे गाडी असल्याशिवाय सायकल चालवायला परवानगीच नाही. त्या गाडीच्या दिव्यात स्वाराला रस्ता दिसतो. या सगळ्याला ‘सोलो’ म्हणतात!

गोकुलनाथ यांचंही 2017 चं यश पहिल्या प्रयत्नाचं नव्हतं. 2016 मध्ये त्यांना शर्यत अर्धवट सोडावी लागली होती. त्याआधी 2015 मध्ये नाशिकच्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती पूर्ण केली होती. आणि त्याही आधी, 2010 आणि 2011 मध्ये, बंगळुरूचे समीम रिझवी या शर्यतीत उतरले होते. अधिकृत वेळेत त्यांची शर्यत पूर्ण झाली नाही. पण नंतरच्यांना वाट कशी आहे हे कळलं ते अशाच प्रयत्नांमुळे.

मी दिलेलं एक वाक्य

आता जे सांगायचं ते सांगतो.

2014 मध्ये माझा मावसभाऊ गेला. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होता. पितळी भांड्यांच्या दुकानात कामाला होता. जाण्याआधीच्या दोन महिन्यांत तो दोनदा माझ्याकडे आला होता. “भाईजान, नींद नहीं आती. कुछ अच्छा नहीं लगता,” इतकंच म्हणाला. मी खानदानातला शिकलेला माणूस, बीएड झालेला. मी दोन्ही वेळा त्याला तेच वाक्य दिलं, जे मला लहानपणापासून मिळत आलं होतं. “मायूसी कुफ्र है. सब्र कर, नमाज पाबंदीसे पढ.” तो मान डोलावून गेला. तिसऱ्यांदा आला नाही.

त्याने स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. जनाजा रात्री उशिरा, घाईत झाला. कारण कुणी उच्चारलं नाही. खालाला विचारलं तर ती “दिल का दौरा” म्हणायची, अजूनही तेच म्हणते.

तीन वर्षांनी तीच रात्र माझ्या खाटेशी आली, तेव्हा मला कळलं की ते वाक्य ऐकणाऱ्याला कसं लागतं. ज्याला आधीच वाटतंय की आपण निकम्मे आहोत, त्याला आपण सांगतो की तू ईमानातही कच्चा आहेस. मग तो बोलणं बंद करतो.

आपल्याच घरातली जुनी दवा

बरा होत असताना मी वाचायला लागलो. आणि जे सापडलं त्याने आधी आनंद झाला, मग लाज वाटली.

आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खजवळ अबू झैद अल-बल्खी नावाचे विद्वान होऊन गेले. त्यांचा काळ साधारण 850 ते 934. भूगोलाच्या इतिहासात त्यांचं नाव नकाशांसाठी घेतलं जातं. पण त्यांचा एक ग्रंथ शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर आहे, ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’. त्याचं हस्तलिखित इस्तंबूलच्या अयासोफिया संग्रहात राहिलं. मनाच्या भागात बल्खी चार विकार मांडतात. राग, भीती, दुःख आणि वस्वसा, म्हणजे मनात पुन्हापुन्हा घुमणारे विचार.

दुःखाचे ते पुन्हा दोन भाग करतात. एक दुःख असं, ज्याचं कारण माहीत असतं. कुणी गेलं, माल बुडाला. दुसरं असं, ज्याचं कारण माणसाला स्वतःलाही सांगता येत नाही. अकराशे वर्षांपूर्वीचा हा माणूस म्हणतो की या दुसऱ्या प्रकाराचं मूळ शरीरात आहे, रक्तात आहे, आणि त्याला शरीराचाच इलाज लागतो. त्याचं रक्ताविषयीचं शास्त्र आज चालणार नाही. पण त्याने त्या रोग्याला ईमानाचा प्रश्न विचारला नाही. पहिल्या प्रकारासाठी तो दोन उपाय सांगतो. एक माणसाने स्वतःच्या आत करायचा, म्हणजे बरे असताना चांगले विचार साठवून ठेवायचे, जशी आपण घरात दवा साठवतो. दुसरा बाहेरून येणारा, दुसऱ्या माणसाचं बोलणं, त्याची सोबत. वाचता वाचता मला ती मागची गाडी आठवली.

बल्खी एकटे नव्हते. ट्युनिशियातल्या कैरवान शहरात इसहाक इब्न इमरान या हकिमाने ‘मालीखोलिया’वर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. अकराव्या शतकात ते लॅटिनमध्ये गेलं आणि युरोपातले वैद्य त्यावर शिकले. इब्न सीनांच्या ‘कानून’मध्येही या रोगाचं प्रकरण आहे. तुर्कस्तानात एदिर्ने इथे 1488 मध्ये सुलतान बायझीद दुसरा याने बांधलेल्या दवाखान्यात मनाच्या रोग्यांना संगीत ऐकवत. उर्दूत आपण ‘मालीखोलिया’ हा शब्द आजही वापरतो, पण टिंगलीसाठी. एका रोगाचं नाव आपण शिवी करून टाकलं.

आणि त्या वाक्याचं काय? माझ्यासारख्या भाषेच्या शिक्षकाने ते आधीच तपासायला हवं होतं. निराश होऊ नका, ही ताकीद सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अलैहिस्सलाम) आपल्या मुलांना देतात, हरवलेल्या भावांना शोधायला पाठवताना. पण त्याच सूरहमध्ये अवघ्या तीन आयती आधी काय येतं? यूसुफच्या दुःखात रडून याकूब यांचे डोळे पांढरे पडले होते. म्हणजे आशा सोडू नका असं सांगणारा माणूस स्वतः रडून रडून नजर गमावून बसला होता. तिथे शब्दही दोन आहेत. याकूब यांच्या दुःखाला ‘हुज्न’ म्हटलं आहे. मनाई आहे ती ‘यास’ला, म्हणजे रहमतीवरचा भरवसाच सोडण्याला. आपण दोन्ही शब्द एकाच ‘मायूसी’त कोंबले आणि हुज्नच्या रोग्याला कुफ्रची धमकी देऊ लागलो. प्रेषितांच्या (स.) आयुष्यात हजरत खदीजा आणि अबू तालिब यांचा मृत्यू झाला, त्या वर्षाला तर इतिहासाने ‘आमुल हुज्न’, दुःखाचं वर्ष, असंच नाव दिलं आहे. त्या नावात कुणाला कमीपणा वाटला नाही.

नागपूरची भिंत

विदर्भात मनाच्या आजाराचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यासमोर नागपूरचं मनोरुग्णालय येतं. ते 1864 मधलं. पागलखाना हाच त्याचा लोकांच्या तोंडचा शब्द. आमच्याकडे तर त्या भिंतीला आणखी एक आठवण चिकटलेली आहे. हजरत ताजुद्दीन बाबांना इंग्रजी अंमलात 1892 मध्ये याच पागलखान्यात ठेवलं होतं. 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना बाहेर आणलं. त्या सोळा वर्षांत लोक त्या फाटकाशी बाबांच्या भेटीसाठी जात. बाबा आजारी नव्हते, जज्बेत होते, असं त्यांना मानणारे सांगतात, आणि मला त्या वादात पडायचं नाही. मला एवढंच दिसतं की हिंदू आणि मुसलमान दोघेही ज्या फाटकाशी अदबीने उभे राहत, त्याच फाटकातून आज आपल्या घरचा माणूस आत जाताना आपण तोंड लपवतो.

कायद्यानेही फार काळ तेच केलं. भारतीय दंड संहितेच्या कलम 309 नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. जो मरता मरता वाचला, त्याच्या दारात पोलीस. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 मे 2018 मध्ये लागू झाला आणि त्याच्या कलम 115 ने सांगितलं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरावं, त्याला शिक्षा नको, त्याची काळजी घेणं सरकारचं काम. 2024 मध्ये आलेल्या नव्या न्याय संहितेत 309 सारखं सरसकट कलम उरलं नाही. माझा भाऊ गेला तेव्हा यातलं काहीच नव्हतं. त्याने कुणाला सांगितलं असतं तर आधी ठाण्याची भीती, मग जमातीची.

मागची गाडी नुसती कल्पना नाही, तिचा हिशोबही झालेला आहे, आणि तो आपल्याच विदर्भात. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याबद्दल बोलायचं, ऐकून घ्यायचं, गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत न्यायचं. 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधी नैराश्य असलेल्या शंभरातल्या चार-पाच जणांनाच मदत मिळत होती (4.3 टक्के). दीड वर्षात हे प्रमाण 27.2 टक्क्यांवर गेलं. नवीन औषध निघालं नव्हतं. फक्त दारात कुणीतरी आलं होतं.

माझे 200 किलोमीटर

माझा इलाज नागपुरात झाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या मी दीड वर्ष घेतल्या. हे मुद्दाम लिहितो, कारण सायकलने मला बरं केलं असा समज व्हायला नको. सायकल नंतर आली. व्यायाम करा असं डॉक्टर म्हणाले आणि क्रीडाशिक्षकांनी त्यांची जुनी सायकल माझ्या अंगणात आणून उभी केली. पहिल्या दिवशी मी कारध्याच्या पुलापर्यंत गेलो. वैनगंगा पाहिली आणि परत आलो. त्याला चार महिने लागले असं वाटलं.

दुःखाच्या नावाने लांब पल्ला गाठायची रीत जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन 1921 मध्ये व्हिक क्लॅपम या माजी सैनिकाने सुरू केली, पहिल्या महायुद्धात मेलेल्या साथीदारांच्या आठवणीत. गांधीजींना ज्या पीटरमॅरिट्झबर्गच्या स्टेशनवर उतरवलं, त्या गावाहून डर्बनपर्यंत, जवळपास 90 किलोमीटर. पहिल्या वर्षी 34 जण धावले, 16 पोहोचले. तिथे आज ‘बस’ नावाचा प्रकार असतो. कुणी अनुभवी धावपटू पुढे होतो आणि त्याच्या मागे शेकडो जण एका चालीने धावतात, म्हणजे मुदत चुकू नये. बसमध्ये कुणीही चढू शकतं.

मी धावपटू नाही. मी घेतलं ते ब्रेव्हे, 200 किलोमीटर, साडेतेरा तासांची मुदत. ही खरं तर शर्यत नसते. नंबर नसतात, वेळेत पोहोचलं की झालं. नागपूरहून निघून मौदा, भंडारा, लाखनी करत साकोली आणि त्याच रस्त्याने परत. मी पाठीवर एक कापड शिवून घेतलं होतं. त्यावर बायकोने सुईदोऱ्याने लिहिलं होतं, “नैराश्य हा आजार आहे. बोला.” ती म्हणाली, “अपने भाई का नाम भी लिखूँ?” मी नको म्हटलं. खालाचा विचार आला.

ब्रेव्हेचा नियम कडक असतो. ठरलेल्या ठिकाणांशिवाय रस्त्यात बाहेरच्या कुणाची मदत घेता येत नाही. साकोलीपर्यंत ठीक गेलं. परतताना ऊन चढलं, वारा समोरून लागला, आणि लाखनीच्या अलीकडे पायात गोळे आले. एका टपरीवर थांबलो. टपरीवाला वयस्क होता. त्याने माझी पाठ वाचली, काही बोलला नाही. दोन कप चहा झाला. मी पैसे काढले तेव्हा त्याने हळूच विचारलं, “गुरुजी, हा डाक्टर कोठं भेटते जी?”

मी त्याला सांगितलं की जिल्हा रुग्णालयात विचारा, आणि लाजायचं कारण नाही. कुणासाठी विचारता, हे मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं. पोरगा होता. सहा महिन्यांपासून खोलीच्या बाहेर येत नव्हता. मी तिथे 25 मिनिटं बसलो. क्रीडाशिक्षक सोबत सायकल चालवत होते, ते घड्याळ दाखवत होते. मग तेही बसले.

मुदत संपायला 18 मिनिटं बाकी असताना आम्ही नागपुरात पोहोचलो. कार्डावर शेवटचा शिक्का बसला. पूर्ण केल्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसाच्या 200 किलोमीटरांपैकी माझ्या लक्षात राहिली ती टपरीवरची 25 मिनिटं. 2014 मध्ये मी माझ्या भावाला तेवढी दिली असती तर काय झालं असतं, मला माहीत नाही. मी दिली नाहीत, एवढंच माहीत आहे.

वाचकहो, तुमच्याकडे कुणी येईल आणि म्हणेल, झोप येत नाही, काही बरं वाटत नाही. तेव्हा वाक्य देऊ नका. बसा. ऐका. दुआ जरूर करा, पण डॉक्टरकडे त्याच्यासोबत स्वतः जा, कारण त्या वेळी त्याचं डोकं त्याला जाऊ देणार नाही. काही सुचलंच नाही तर 14416 हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

मागच्या ईदला मी खालाकडे गेलो होतो. ते कापड मी सोबत नेलं होतं, का ते सांगता येणार नाही. तिने ते हातात घेतलं, चष्मा लावला. तिला मराठी वाचता येते. बराच वेळ ती एकेका अक्षरावरून बोट फिरवत राहिली. मग घडी करून तिने ते आपल्या उशाशी ठेवलं आणि शीरखुर्मा आणायला आत गेली.